मंत्र्यांनी जाहीर केलं म्हणून मशीन घ्यायचं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत तुमचं मशीन शॉप आहे. फाउंड्रीकडून कास्टिंग येतं, तुम्ही मशीनिंग करून देता. चौदा मशिनं, ११ केव्हीचं उच्चदाब कनेक्शन, २५० केव्हीए कॉन्ट्रॅक्ट डिमांड (करारात ठरलेली कमाल मागणी), महिन्याला ४५ हजारांच्या आसपास युनिट. आता कर्ज काढून तीन व्हीएमसी (संगणकाच्या हुकमावर चालणारी मशीनिंग सेंटर) घ्यायच्या आहेत. इकडे सरकार सांगतंय की राज्याची अर्थव्यवस्था ट्रिलियन डॉलरची होणार, वीज पुढची पाच वर्षं स्वस्त होत जाणार, कुशल मनुष्यबळ तयार होणार आणि मुलींचं उच्च शिक्षण मोफत. तुमची मुलगी बारावीला आहे. ‘या सगळ्यावर विसंबून पाऊल टाकू का?’ असं तुम्ही विचारलंय.

माझी ओळख एवढीच. एकतीस वर्षं विजेच्या धंद्यात गेली. आधी राज्य वीज मंडळात कनिष्ठ अभियंता म्हणून उपविभागात, नंतर नोकरी सोडून छोट्या कारखान्यांची लाइटबिलं तपासण्यात आणि वीज नियामक आयोगाच्या जनसुनावण्यांत उभं राहण्यात. अर्थशास्त्री मी नाही. शिक्षणाबद्दल जे सांगेन ते शॉपच्या दारात उभं राहून पाहिलेलं. तुमच्या कर्जाच्या अटी आणि ताळेबंद मी पाहिलेला नाही, म्हणून ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ असं छातीठोक सांगणार नाही. पण तुम्ही तीन वेगळ्या मालकांची आश्वासनं एकाच गाठोड्यात बांधलीत, ते गाठोडं आधी सोडतो.

विजेपासून सुरू करू, कारण तुमचा सगळ्यात जास्त भर तिच्यावर आहे.

वीजदर मंत्री ठरवत नाहीत, मंत्रिमंडळही ठरवत नाही. २००३ च्या वीज कायद्यानुसार तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. हा आयोग १९९९ साली स्थापन झाला. त्याआधी काय होत होतं याचं उदाहरण आपल्याच कोकणात आहे. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा वीज खरेदी करार १९९३ साली झाला, तेव्हा असा कुठलाही आयोग नव्हता. सरकार, मंडळ आणि कंपनी यांनी आपसांत ठरवलं. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये ती वीज परवडत नाही म्हणून मंडळाने घेणंच थांबवलं. आम्ही तेव्हा उपविभागात होतो. थकबाकी वसुलीसाठी आमच्यावर जो दट्ट्या आला, तो अजून आठवतो.

आता पद्धत अशी. महावितरण आयोगापुढे याचिका दाखल करतं: वीज विकत घ्यायला इतका खर्च, तारा-खांब-पगार इतका, गळती इतकी, म्हणून दर इतका हवा. जाहीर नोटीस निघते, कुणीही हरकत पाठवू शकतं, जनसुनावणी होते, मग आदेश येतो. मी गेलो त्या बहुतेक सुनावण्यांत पहिल्या रांगेत वकील आणि मोठ्या कारखान्यांचे सल्लागार. मागच्या रांगेत एखादा शेतकरी प्लास्टिकच्या पिशवीत तीन वर्षांची बिलं घेऊन बसलेला. त्याला बोलायला मिळतं, आणि त्याचं म्हणणं लिहूनही घेतलं जातं. तुमच्यासारखा मधल्या आकाराचा कारखानदार मात्र मला तिथे क्वचितच दिसला.

राज्य सरकारच्या हातात मग काय उरतं? तीन गोष्टी. एक, विद्युत शुल्क. तो सरकारचा कर आहे, बिलावर वेगळ्या ओळीत छापलेला असतो आणि सरकार तो कमी-जास्त करू शकतं. दोन, अनुदान. कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे एखाद्या वर्गाला आयोगाच्या दरापेक्षा स्वस्त वीज द्यायची असेल, तर फरकाची रक्कम सरकारने वितरण कंपनीला आगाऊ भरायची. शेतीपंपांचं तसंच आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षं मोफत वीज जाहीर झाली, त्यासाठी वर्षाला १४,७६० कोटींचा भार सरकारने उचलायचा आहे. तीन, कलम १०८ खाली धोरणात्मक निर्देश देणं. पण निर्देश म्हणजे दर नव्हे.

म्हणून ‘वीज स्वस्त होणार’ अशी बातमी आली की मी आधी बघतो, हा कागद कोणत्या पायरीवर आहे. भाषण, अर्थसंकल्पातली ओळ, शासन निर्णय, आयोगाचा आदेश, की हातात पडलेलं बिल?

आयोगाचा आदेशसुद्धा दगडावरची रेघ नसतो. २०२५ सालीच बघा. २८ मार्चला आयोगाने २०२५-२६ ते २०२९-३० या पाच वर्षांचा दर आदेश काढला. दर कमी होणार म्हणून ठळक मथळे आले. माझ्या एका ग्राहकाने त्याच आठवड्यात वर्षाचं बजेट नव्या दराने मांडून बँकेला दिलं. चार-पाच दिवसांत त्या आदेशाला स्थगिती मिळाली, महावितरणने पुनर्विलोकन मागितलं, आणि २५ जूनला सुधारित आदेश येऊन तो १ जुलैपासून लागू झाला. दोन्ही आदेशांतले आकडे सारखे नव्हते. बजेट पुन्हा मांडावं लागलं, आणि बँकेच्या साहेबांना कारण समजावताना त्याच्या नाकी नऊ आले. पुनर्विलोकन, अपील, रिट हे सगळे रस्ते कायद्यातच आहेत. त्यामुळे पाच वर्षांच्या दरपत्रकातला चौथ्या वर्षाचा आकडा मी कधीच कर्जाच्या हिशेबात धरत नाही.

आकड्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट मात्र त्या आदेशात होती, आणि ती टिकेल असं मला वाटतं. वेळेचा हिशेब उलटला. आपल्या भागातल्या फाउंड्रीवाल्यांनी वर्षानुवर्षं भट्टी रात्री लावली, कारण रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे सूट होती. अख्ख्या वसाहतीचं घड्याळ त्या सवलतीवर चालायचं. आता सूट सौर तासांत आहे, सकाळी ९ ते संध्याकाळी ५. जादा आकार संध्याकाळी ५ ते रात्री १२. कारण सरळ आहे. दिवसा सौर वीज भरपूर येऊ लागली. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीच्या फीडरसाठी जी वीज घेतली जातेय ती युनिटमागे तीन रुपयांच्या आसपास पडते. सूर्य मावळला की ती संपते, आणि नेमके तेव्हाच घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात.

शेतीपंपांना स्वस्त वीज मिळते तिची भरपाई काही अंशी तुमच्या-आमच्या दरातून होते, याला क्रॉस सबसिडी म्हणतात. शेतीची वीज तीन रुपयांत मिळाली तर ते ओझं हलकं व्हायला हवं, हा योजनेमागचा हिशेब आहे आणि तो चुकीचा नाही. ओझं किती हलकं होईल आणि त्यातलं तुमच्या बिलापर्यंत किती पोचेल, हे मात्र प्रकल्प वेळेवर उभे राहण्यावर आणि संध्याकाळची वीज कुठून आणतात यावर ठरेल.

आता तुमचा हिशेब मांडतो, कारण इथेच माझं खरं म्हणणं आहे.

तीन व्हीएमसी. पाटीवर किलोवॅट काहीही लिहिलेले असोत, कास्टिंगचं मध्यम काम करताना एक मशीन सरासरी ६ किलोवॅट ओढतं असं धरू. तिन्ही मिळून १८. दिवसाला १६ तास, महिन्याला २६ दिवस, म्हणजे साधारण ७,५०० युनिट. दर युनिटमागे अख्खा एक रुपया उतरला, जे फार मोठं झालं, तरी महिन्याला वाचले साडेसात हजार. आता दुसरी बाजू. मशीन टूलिंगसकट ३० लाखांना धरलं तर तिन्हींचे ९० लाख, दहा टक्क्यांनी सात वर्षांच्या फेडीला हप्ता बसतो दीड लाखाच्या आसपास. तिसरी बाजू. मशीनच्या तासाचा दर चारशे ते पाचशे धरला, तर एक मशीन दोन शिफ्ट बंद राहिलं की साडेसहा ते आठ हजार गेले.

म्हणजे एका शिफ्टच्या ऑपरेटरने महिन्यात दोन दिवस दांडी मारली, की रुपयाने उतरलेल्या विजेचा जवळजवळ अख्खा महिन्याचा फायदा त्या दोन दिवसांत गेला. तुमचा धंदा इंडक्शन भट्टीचा असता तर मी उलट सांगितलं असतं, तिथे वीज म्हणजेच कच्चा माल. मशीन शॉपला वीजदर हा दुय्यम आकडा आहे. तुम्ही ज्या आश्वासनाला सगळ्यात जास्त महत्त्व दिलंत, ते तुमच्या निर्णयात सगळ्यात हलकं आहे.

तरीही बिल तुमच्या हातात आहे तेवढं घट्ट धरा. उच्चदाब ग्राहकांचं बिल एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर येतं, म्हणजे नुसत्या कामाला आलेल्या विजेवर नाही, ओढलेल्या एकूण विजेवर. पूर्वी पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला खऱ्या कामाला येणारा हिस्सा, घसरला की दंडाची वेगळी ओळ दिसायची, आता तो दंड युनिटच्या आकड्यातच विरघळून येतो आणि मालकाला दिसत नाही. गेल्या पावसाळ्यात एका शॉपमध्ये गेलो. मालकाची तक्रार, ‘दर वाढवलेत, काम तेवढंच.’ दरपत्रक नंतर बघू, आधी पॅनेल दाखवा म्हटलं. पॉवर फॅक्टर सावरणाऱ्या कपॅसिटरच्या पॅनेलचं दार गंजून बसलं होतं, स्क्रू ड्रायव्हर घालून उघडावं लागलं. सहा स्टेपपैकी दोन चालू. दोन कॉन्टॅक्टर जळालेले, एका कपॅसिटरचं पोट फुगलेलं, एकाची वायरच सुटलेली, आणि बसबारला चिकटून वाळलेली पाल. ते दार किती वर्षांत कुणी उघडलं नव्हतं हे इलेक्ट्रिशियनलाही सांगता येईना, कारण तो तिसरा इलेक्ट्रिशियन होता. पॉवर फॅक्टर ०.८२.

०.८२ ला १०,००० किलोवॅट-तासांचे १२,१९५ केव्हीएएच होतात. ०.९८ ला तेच १०,२०४. म्हणजे जवळजवळ सोळा टक्के फरक, कुठल्याही मंत्र्याच्या घोषणेशिवाय. डिमांडचंही तसंच. ५० किलोवॅटचा भार ०.८२ ला ६१ केव्हीए ओढतो, ०.९८ ला ५१. तुम्ही कॉन्ट्रॅक्ट डिमांड वाढवायचा अर्ज करणार असाल तर आधी हे तपासा. मी पाहिलेल्या निम्म्याअधिक ठिकाणी नव्या मशिनांना पुरेल एवढी जागा जुन्याच डिमांडमध्ये लपलेली निघाली. आणि डिमांड उगाच वाढवून ठेवली तर ती वापरा न वापरा, बिल लागतं: नोंदलेली कमाल मागणी, मागच्या अकरा महिन्यांतल्या सर्वाधिक मागणीचा ठरलेला टक्का आणि कॉन्ट्रॅक्ट डिमांडचा ठरलेला टक्का, यांतलं जे जास्त ते. त्यामुळे एका दिवशी सगळी मशिनं आणि दोन्ही कंप्रेसर एकदम सुरू केले, तर कमाल मागणीचा तो उंच आकडा वर्षभर मानगुटीवर बसू शकतो.

दुसरी शिफ्ट दुपारी साडेतीनला सुरू करत असाल तर तिचे बहुतेक तास जादा आकारात जातात. शिफ्ट सकाळी लवकर ओढता येईल का, कंप्रेसरची टाकी आणि वॉशिंग मशीनचं पाणी पाचच्या आत तयार ठेवता येईल का, एवढं बघा. त्यासाठी कामगारांची झोप मोडू नका. फायदा तेवढा मोठा नाही, वर हिशेब दिलाच आहे.

आता ट्रिलियन डॉलर. यावर जास्त वेळ घालवत नाही. ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. २०२४-२५ चं राज्याचं स्थूल उत्पन्न सुमारे ४५.३ लाख कोटी रुपये अंदाजलं गेलं. ८४-८५ रुपयांचा डॉलर धरला तर ५३५ अब्ज डॉलरच्या आसपास. तिथून चार वर्षांत हजार अब्ज गाठायचे तर डॉलरमध्ये दरसाल १७ टक्के वाढ हवी. चालू किमतींनी राज्य ११-१२ टक्क्यांनी वाढतंय, आणि त्यात रुपया घसरला की डॉलरमधलं उद्दिष्ट आणखी पुढे सरकतं. म्हणजे ते गाठलं जाईल, पण दोन-तीन वर्षं उशिरा, असं माझं साधं गणित. उशीर झाला म्हणून तुमचं काही बिघडत नाही आणि वेळेवर झालं म्हणून तुमच्या शॉपमध्ये आपोआप काम येत नाही. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या औद्योगिक धोरणातून ४० लाख कोटींची गुंतवणूक आणि ५० लाख रोजगार असं उद्दिष्ट ठेवलं. त्याआधी जानेवारीत दावोसला १५.७० लाख कोटींचे सामंजस्य करार झाले. करार म्हणजे सोयरिकीची बोलणी, अजून लग्नाची तारीखही निघालेली नाही.

योजना फसवीच असते असं मला म्हणायचं नाही. १९६२ सालात जिल्हा परिषदा आल्या, एमआयडीसी स्थापन झाली आणि कोयनेची वीज सुरू झाली. तुमची वसाहत, तुमची पहिली लेथ शिकवणारा मिस्त्री आणि तो मिस्त्री ज्या शाळेत शिकला ती जिल्हा परिषदेची शाळा, या तिन्हींची मुळं त्या सालात सापडतील. पण फळ धरायला पंधरा-वीस वर्षं गेली. तुमचा हप्ता मात्र पुढच्या महिन्यात सुरू होतो.

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला ट्रिलियनपेक्षा मोठं वाटलं, ते तुम्ही ओघात लिहून गेलात: ‘सत्तर टक्के काम एकाच फाउंड्रीचं आहे.’ ती फाउंड्री कुणाला माल देते? ट्रॅक्टरला देत असेल तर तुमचं भविष्य पावसावर आहे, ट्रकला देत असेल तर बांधकामावर. मी असतो तर बँकेत जायच्या आधी त्या फाउंड्रीच्या मालकासमोर जाऊन बसलो असतो आणि विचारलं असतं, तीन मशिनांचं काम लेखी किती महिन्यांचं देता? ‘काम भरपूर आहे हो, तुम्ही घ्या मशिनं’ हे उत्तर मी डझनभर वेळा ऐकलंय. त्यातल्या दोन शॉपच्या मशिनांवर आज ताडपत्री आहे.

सवलतींचं एक. उद्योगांसाठीच्या राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे वर्ग आहेत आणि तुमचा तालुका कोणत्या वर्गात येतो त्यावर काय मिळेल ते ठरतं. विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र आणि ड, ड+ भागांतल्या उद्योगांना २०१६ पासून वीज सवलत दिली गेली, पण तिला वर्षाला १,२०० कोटींची मर्यादा घातली होती. भांडं ठरलेल्या मापाचं आणि पंगत वाढती, तर प्रत्येकाच्या पानात कमीच पडणार. जिल्हा उद्योग केंद्रात मशिनची ऑर्डर देण्याआधी जा. मशीन ट्रकमधून उतरल्यावर गेलं तर तारखांवरून अर्ज अडकतो.

इथवरचं थोडक्यात: वीजदर आयोगाच्या हातात, शुल्क आणि अनुदान सरकारच्या, पॉवर फॅक्टर तुमच्या, आणि काम तुमच्या फाउंड्रीच्या ग्राहकाच्या हातात. उरला तो माणूस, जो मशीन चालवणार.

तीन व्हीएमसी दोन शिफ्टला म्हणजे सहा ऑपरेटर, वर एक सेटर. आहेत का? तुम्हीच लिहिलंय की आत्ताच दोन मशिनं माणसांअभावी अर्धा दिवस उभी असतात. मग कौशल्य विकासाच्या घोषणा तुमच्यासाठी वीजदरापेक्षा महत्त्वाच्या, आणि त्याच सगळ्यात हळू चालणाऱ्या.

आयटीआयच्या मशिनिस्ट, टर्नर, फिटर या ट्रेड दोन वर्षांच्या. मी एका आयटीआयच्या व्यवस्थापन समितीवर काही वर्षं होतो. मुलं हुशार होती, शिक्षक प्रामाणिक होते, पण सीएनसी एक आणि तिच्याभोवती चोवीस मुलं. मागे उभ्या असलेल्या मुलाला मशीनची फक्त खिडकी दिसायची, आतलं काम नाही. मायक्रोमीटर हातात धरून रॅचेटचा ‘टिक’ ऐकायचा असतो, नुसता गच्च आवळायचा नसतो, हे बऱ्याच जणांना पहिल्या नोकरीत कळतं.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार, पदवीला १० हजार विद्यावेतन सरकारकडून. मुदत आधी सहा महिने होती, नंतर अकरा केली. ऑफिसात फायली लावायला सहा महिने ठीक. व्हीएमसीवर मुलगा तिसऱ्या महिन्यात टूल ऑफसेट घालायला शिकतो, पाचव्यात स्वतःहून चूक पकडतो, आणि सहाव्यात मुदत संपायची. मुदत वाढवली ते बरं झालं. पण यापेक्षा जुना रस्ता मला जास्त भरवशाचा वाटतो: १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा. तीस किंवा जास्त माणसं असतील तर शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक, एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के. चार ते एकोणतीस माणसं असतील तर ऐच्छिक. केंद्राच्या योजनेतून विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिन्याला दीड हजारांपर्यंत, परत मिळतो. पैसे फार नाहीत, पण मुलगा वर्षभर तुमच्याच मशीनवर, तुमच्याच ड्रॉइंगवर शिकतो. मशिनं यायच्या सहा-आठ महिने आधी चार मुलं घ्या. चारातली दोन टिकतील. त्या दोघांना पहिल्या दिवसापासून झाडू मारायला लावू नका, म्हणजे दोनाची तीन होतील.

शिक्षणाच्या निर्णयांचं आयुष्य किती, याचं ताजं उदाहरण सगळ्यांनी पाहिलं. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ ला निघाला, १७ जूनला सुधारित निघाला, २९ जूनला दोन्ही मागे घेतले गेले. निर्णय बरोबर की चूक, त्यात पडत नाही. जीआर सहीशिक्क्यानिशी हातात असला तरी तो अडीच महिनेही टिकेलच असं नाही, एवढंच तुमच्या हिशेबासाठी.

मुलीचं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींची शंभर टक्के शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफी आली, पण अटी वाचा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्ग, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत, प्रवेश केंद्रीभूत फेरीतून. मॅनेजमेंट कोट्याला नाही. वसतिगृह, मेस, पुस्तकं यांचा खर्च वेगळाच. चौदा मशिनांच्या मालकाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत दाखवायचं आणि त्याच वर्षी ९० लाखांचं कर्ज मागायचं, या दोन गोष्टी एका फाइलमध्ये बसत नाहीत. सीएंना विचारून घ्या. फी पूर्ण भरावी लागेल असं धरूनच पैसे बाजूला काढा.

तुम्ही विचारलंत, इंजिनिअरिंगला पाठवू की बारावीनंतर थेट दुसऱ्या वर्षाला डिप्लोमा करून शॉपमध्ये घेऊ? तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, त्यात तिला काय वाटतं हे कुठेच नाही. तिला सुट्टीत पंधरा दिवस शॉपमध्ये बसवा, मालकाची मुलगी म्हणून नाही, इन्स्पेक्शनच्या टेबलवर. पंधराव्या दिवशी तिलाच विचारा.

आता क्रम. या महिन्यात बारा महिन्यांची बिलं काढून प्रत्येकावरचा पॉवर फॅक्टर आणि कमाल मागणी एका कागदावर लिहा. फाउंड्रीकडून लेखी काम मागा. शिकाऊ उमेदवारांची नोंदणी सुरू करा. लेखी काम निदान दीड-दोन मशिनांचं मिळालं आणि दोन मुलं टिकली, तर मी तुमच्या जागी एक व्हीएमसी घेतली असती, दुसरी सहा महिन्यांनी. तिन्ही एकदम घेतली तर डीलर दरात सूट देईल हे खरं. ती सूट किती हप्त्यांएवढी आहे ते मोजा.

आणि कपॅसिटरचं पॅनेल तुम्ही स्वतः उघडायला जाल, म्हणून सांगून ठेवतो. आधी त्याचा स्विच बंद करा, मग पाच-दहा मिनिटं थांबा. पुरवठा तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, आणि जुन्या कपॅसिटरचा डिस्चार्ज रेझिस्टर गेलेला असेल तर तो पुष्कळ वेळ राहतो. हात घालण्याआधी इलेक्ट्रिशियनला मीटरने तिन्ही फेज बघायला सांगा.